घरातली जिवंत माती : बंद खोलीतील सेंद्रिय लागवडीसाठी तयारी आणि देखभाल

उघड्या शेतात मातीची पुष्कळशी कामे आपल्या नकळत होत असतात. पावसाळ्यात साचलेले क्षार खाली धुऊन जातात, उन्हाने वरचा थर तापून वाळतो, वाऱ्याने जादा ओल हटते आणि शेजारच्या बांधावरून गांडुळे व किडे येत-जात राहतात. घरातल्या खोलीत दिव्याखाली ठेवलेल्या पिशवीत यांपैकी काहीही आपोआप होत नाही. तेथे जे घातले ते तेथेच राहते आणि जे द्यायचे राहिले ते दुसरीकडून येत नाही. घरात सेंद्रिय भाजी लावणाऱ्यांचे नुकसान खत कमी पडल्यामुळे क्वचितच होते. ते होते खत जास्त आणि घाईने घातल्यामुळे, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढची सगळी प्रमाणे याच मतातून ठरवलेली आहेत.

निंबोळी पेंड किंवा कंपोस्ट यांतील नत्र झाडाच्या मुळांना थेट उचलता येत नाही. बुरशी आणि जिवाणू आधी ते पदार्थ फोडतात, त्यातून अमोनियम तयार होते आणि जिवाणूंचे दुसरे गट त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. या जिवाणूंना आदिजीव (एकपेशीय सूक्ष्म जीव) आणि काही सूत्रकृमी (मातीतले अगदी बारीक कृमी) खातात व स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त झालेले नत्र मुळांच्या आसपासच सोडून देतात. मुळेही आपल्या बाजूने साखरेसारखे स्राव सोडून या जिवांना पोसतात. ही साखळी ज्या मातीत अखंड चालू असते ती जिवंत माती. तिला सेंद्रिय पदार्थ, ओल आणि हवा या तीन गोष्टी लागतात, आणि घरात सर्वांत आधी कमी पडते ती हवा.

इंदूरचा वारसा

या विषयात इंदूरकरांना बाहेरून फारसे काही आणावे लागत नाही. १९२४ साली येथे सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री या संस्थेत ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्यासह कंपोस्टची जी पद्धत बसवली आणि १९३१ साली प्रसिद्ध केली, ती आजही जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. होळकर दरबाराने दिलेल्या ज्या जमिनीवर ती संस्था उभी राहिली, तेथे आज कृषी महाविद्यालय आहे. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ फूट खोल खड्ड्यांत काडीकचरा, शेण, गोठ्यातील गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे पातळ थर रचायचे, ओल सांभाळायची आणि १६ व्या दिवशी, एका महिन्याने व दोन महिन्यांनी असे तीन वेळा ते उलथायचे, की तीन महिन्यांत खत तयार होत असे. सुरुवातीचे कर्ब-नत्र गुणोत्तर ३३ च्या आसपास, म्हणजे एक भाग नत्राला ३३ भाग कर्ब (कार्बन) असे असावे, हेही तेथेच पक्के झाले.

फ्लॅटमध्ये एवढा ढीग घालता येत नाही, पण पद्धतीचा गाभा तसाच ठेवता येतो. शंभर लिटरच्या प्लास्टिकच्या पिंपाला तळाला आणि बाजूंना बोटभर अंतरावर भोके पाडून ते विटांवर ठेवावे. तीन भाग वाळका पाला व एक भाग भाजीची देठे आणि साली असे आकारमानाने प्रमाण धरावे, प्रत्येक थरावर मूठभर जुने कंपोस्ट किंवा शेणाचा काला शिंपडावा आणि वरील वेळापत्रकाप्रमाणेच उलथावे. ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय शहराच्या अंगवळणी पडलेली असल्यामुळे अर्धे काम स्वयंपाकघरातच झालेले असते. वाळका पाला मात्र मुद्दाम जमवावा लागतो. शिरीष, गुलमोहर, करंज यांचा पाला चांगला आणि लवकर कुजणारा असतो. निलगिरीचा पाला घेऊ नये. शिजवलेले, तेलकट आणि खारट अन्न यात अजिबात नको, कारण त्यातले मीठ शेवटी आपल्याच पिशवीत येऊन बसते.

पिंपाला एक मर्यादा आहे आणि ती आधीच लक्षात घ्यावी. साधारण एक घनमीटरपेक्षा लहान ढिगात उष्णता टिकत नाही, त्यामुळे तणांचे बी आणि रोगकारक बुरशी मरतीलच असे धरता येत नाही. म्हणून रोगट झाडांचे अवशेष आणि बी धरलेले तण पिंपात टाकू नये, आणि दोन महिन्यांनी अर्धवट कुजलेला माल गांडुळांच्या टोपलीत पुढचे सहा ते आठ आठवडे मुरू द्यावा. कंपोस्टची उष्णता पूर्ण उतरल्यावरच गांडुळे सोडावीत. वरच्या थरातला पाला खाणारी, आयसेनिया फेटिडा जातीची तांबडी गांडुळे घ्यावीत. शेतातली खोल बीळ करणारी गांडुळे टोपलीत टिकत नाहीत.

खत पिकले की नाही, याची परीक्षा वासाने आणि बियाण्याने करावी. पावसानंतरच्या मातीसारखा वास येत असेल आणि मूळ पदार्थ ओळखू येत नसतील तर ते बहुधा तयार असते. तरीही अर्धे खत व अर्धे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेऊन त्यात मोहरीचे वीस दाणे आणि शेजारी निव्वळ कोकोपीटमध्ये वीस दाणे पेरावेत. खताच्या वाटीतले कोंब उशिरा आले किंवा मुळांची टोके तपकिरी दिसली, तर ते खत आणखी तीन आठवडे बाजूला ठेवावे. विकतच्या गांडूळ खताचीही ही चाचणी टाळू नये.

मिश्रण

पुढचे प्रमाण १०० लिटर मातीचे आहे. ६० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा एक वाफा किंवा २५ लिटरच्या चार ग्रो बॅग एवढ्यात भरतात.

कोकोपीट, भिजवून फुलवलेले : ३५ लिटर
पक्व कंपोस्ट आणि गांडूळ खत, निम्मे-निम्मे : ३० लिटर
परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके, पांढरे खनिज दाणे), किंवा निम्मे परलाइट व निम्मा भाताच्या तुसाचा कोळसा : ३० लिटर
चाळलेली काळी माती : ५ लिटर
बेसॉल्टची (काळ्या दगडाची) बारीक चुरी : दीड किलो
निंबोळी पेंड : २५० ग्रॅम
जिप्सम : १५० ग्रॅम
रॉक फॉस्फेट : १५० ग्रॅम

कोकोपीटकडे फार जण हलके लक्ष देतात, आणि पहिल्या पिकाची निम्मी दुखणी तेथूनच येतात. नारळाच्या काथ्याच्या या भुशात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. स्वस्त विटांमध्ये ते जास्त असतात आणि पाकिटावर ‘धुतलेले’ असे छापलेले असले तरी खात्री नसते. पाच किलोची वीट भरपूर पाण्यात फुलवून, गोणपाटात घालून, पाण्याचा पिवळसर-तपकिरी रंग फिकट होईपर्यंत दोन-तीन वेळा धुवावी. त्यानंतर बादलीभर पाण्यात मूठभर जिप्सम ढवळून त्यात ती एक रात्र भिजवावी आणि निथळून घ्यावी. जिप्सममधला कॅल्शियम काथ्याच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेतो. हे केले नाही तर काथ्या पुढे कितीतरी दिवस झाडाच्या वाट्याचा कॅल्शियम स्वतः धरून ठेवतो, आणि मिरची व टोमॅटोची फळे टोकाला काळी पडण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

काळी माती पाचच लिटर का, असा प्रश्न माळव्यात कोणीही विचारील. आपली माती सुपीक आहे, ती अन्नद्रव्ये घट्ट धरते आणि तिच्यात जिवाणूंचा भरणाही असतो, हे सगळे खरे आहे. परंतु तिच्यातील चिकणमाती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. शेतात खोल भेगांमुळे जमिनीची आपोआप मशागत होते, तर पिशवीत हाच गुण मुळे तोडतो आणि हवा कोंडतो. मिश्रणाला जिवाणूंचे विरजण लावण्यापुरती आणि अन्न धरून ठेवण्यापुरती ती हवी, आणि तेवढे काम वीस भागांत एक भाग माती करते. रसायने न मारलेल्या जुन्या झाडाखालची, वरच्या दोन इंचांतली माती मिळाली तर उत्तम.

बेसॉल्टची चुरी पाकीटबंद घेण्याचे काहीच कारण नाही. इंदूर डेक्कन ट्रॅपच्या बेसॉल्टवरच वसलेले आहे आणि शहराबाहेरच्या गिट्टीच्या क्रशरवर ही चुरी गोण्यांनी पडलेली असते. तांदळाच्या चाळणीतून गाळून फक्त पिठूळ भाग घ्यावा. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आणि सिलिका तीतून फार सावकाश सुटतात आणि घरातल्या मातीला नेमकी तीच गती मानवते. रॉक फॉस्फेटही जवळचेच आहे. झाबुआ जिल्ह्यात त्याच्या खाणी आहेत. सामू (पीएच) सातच्या वर गेला की रॉक फॉस्फेटमधले स्फुरद (फॉस्फरस) जवळजवळ अडकून पडते, त्यामुळे ते दुप्पट घालून काही साधत नाही. शिवाय गांडूळ खतातही स्फुरद असतेच आणि त्याची रेलचेल झाली तर मायकोरायझा, म्हणजे मुळांशी जोडून राहून त्यांना अन्न पुरवणारी बुरशी, मुळांशी जुळत नाही.

पेंडींच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. निंबोळी पेंडीत साधारण चार-पाच टक्के नत्र असते आणि तिच्यामुळे नायट्रेट होण्याचा वेगही थोडा मंदावतो, म्हणून ती घरासाठी सर्वांत सुरक्षित आहे. आपल्याकडे सोयाबीनची डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) सहज मिळते, पण तिच्यात नत्र सात टक्क्यांच्या आसपास असते आणि ती इतक्या वेगाने कुजते की बंद खोलीत अमोनियाचा वास सुटतो. मिरची-टोमॅटोसारख्या खादाड पिकांसाठी ती वापरायचीच असेल तर वरील मिश्रणात १०० ग्रॅमपेक्षा जास्त घालू नये आणि तेवढ्या प्रमाणात निंबोळी पेंड कमी करावी. लाकडाची राख आणि चुना या मिश्रणात नकोत. हॉवर्डच्या खड्ड्यात राखेला जागा होती, कारण तेथे आंबट होत जाणारा काडीकचरा होता. येथे काळी माती आणि बहुधा जड पाणी दोन्ही सामू वर ढकलतच असतात. मिश्रणाचा सामू ६.३ ते ६.८ असावा आणि सातच्या थोडा वर गेला तरी पालेभाज्या खपवून घेतात.

तुसाचा कोळसा कोरडाच मिसळला तर तो पहिले काही आठवडे नत्र स्वतःकडे ओढून घेतो. त्यामुळे तो गांडूळ खताच्या पाण्यात दोन आठवडे भिजवून ठेवावा.

मिसळणे आणि मुरवणे

गच्चीवर किंवा गॅलरीत ताडपत्री पसरून, नाकातोंडाला मास्क बांधून हे काम करावे, कारण परलाइटची आणि चुरीची धूळ फुप्फुसांना चांगली नाही. परलाइट आधी ओले करून घ्यावे. सगळ्या भुकट्या प्रथम कंपोस्टमध्ये एकजीव कराव्यात, मग कोकोपीट, मग परलाइट, आणि शेवटी थोडेथोडे पाणी शिंपडत ढीग तीन-चार वेळा या बाजूचा त्या बाजूला करावा. मिश्रण मुठीत घट्ट दाबल्यावर गोळा व्हायला हवा, बोटांच्या फटींत फार तर एक-दोन थेंब दिसावेत आणि गोळ्याला बोट लावताच तो फुटावा. पाणी गळू लागले तर ढीग पसरून अर्धा दिवस वाळू द्यावा.

हे मिश्रण लगेच वापरू नये. पेंड फुटताना उष्णता आणि अमोनिया दोन्ही निघतात आणि कोवळी मुळे त्यात जळतात. झाकण सैल ठेवलेल्या टबांत ते चार आठवडे मुरवावे, दर आठवड्याला उलथावे आणि प्रत्येक वेळी ओल तपासावी. पहिल्या आठवड्यात वर पांढरी जाळी दिसली तर घाबरू नये. ती पेंड खाणारी बुरशी असते आणि उलथल्यावर मोडते. डिसेंबर-जानेवारीत इंदुरात रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा जिवाणूंचे काम मंदावते, म्हणून सहा आठवडे द्यावेत. उलट मे महिन्यात गच्चीवरचा टब उन्हात राहिला तर मिश्रण वाळून जाते आणि सगळी क्रिया थांबते, म्हणून तेव्हा तो सावलीतच हवा. मिश्रणाचे तापमान खोलीइतके झाले, वास मातीचा येऊ लागला आणि मोहरीची चाचणी उत्तीर्ण झाली की ते भरायला घ्यावे.

भरणे, पेरणे, आच्छादन

कापडी ग्रो बॅग प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा बऱ्या, कारण बाजूंनी हवा जाते आणि मुळे कडेला गोल फिरत बसत नाहीत. लहान कुंड्यांचा मोह आवरावा. पाच लिटर मातीत ओल दिवसातून दोन टोके गाठते आणि जिवांची साखळी स्थिरावतच नाही. कमीत कमी २५ लिटर आणि ३० सेंटिमीटर खोली असावी. पिशवी थेट फरशीवर न ठेवता जाळीच्या स्टँडवर ठेवावी आणि खाली ताट ठेवावे. भिजलेली माती बरीच जड होते, म्हणून जागा आधी ठरवून, जागेवरच पिशवी भरलेली बरी.

दिव्यांविषयी थोडक्यात सांगायचे तर पांढऱ्या पूर्ण वर्णपटाचा एलईडी, पानांपासून साधारण एक फुटावर, पालेभाज्यांना बारा ते चौदा तास पुरतो. फळभाज्यांना दक्षिणेची खिडकी आणि जास्त ताकदीचा दिवा असे दोन्ही लागते. एक लहान पंखा मंद फिरत ठेवावा.

पहिले पीक मेथी किंवा कोथिंबीर घ्यावे. मेथी शेंगवर्गीय आहे, लवकर येते आणि मातीत काही खोट असेल तर दोन आठवड्यांत दाखवून देते. मिरची, टोमॅटो, तुळस, वांगी लावताना रोपाच्या मुळांना लागून चिमूटभर मायकोरायझा टाकावी. पालक, बीट, मुळा, मोहरी आणि कोबी यांच्या मुळांशी ही बुरशी जुळतच नाही, तेव्हा त्यांच्यासाठी तिच्यावर पैसे घालवू नयेत.

उघडी माती घरातही वाळते आणि तिचा वरचा थर मरतो. पेरणी उगवून चार बोटे वर आली की सोयाबीनच्या किंवा गव्हाच्या भुश्याचे दोन-तीन सेंटिमीटर आच्छादन करावे, मात्र खोडाभोवती बोटभर जागा मोकळी सोडावी. पिशवीत पाच-सहा तांबडी गांडुळे सोडली तर आच्छादनाचा खालचा थर ती सतत आत ओढत राहतात.

पाणी

जिवंत मातीत पाणी घालून निचरा काढण्याची पद्धत नसते. तळातून वाहणाऱ्या पाण्याबरोबर विरघळलेले नायट्रेट जाते आणि पुढच्या महिन्यात आपण तेच पुन्हा विकत आणतो. पिशवीच्या आकारमानाच्या पाच ते दहा टक्के पाणी एका वेळी द्यावे, म्हणजे २५ लिटरच्या पिशवीला सव्वा ते अडीच लिटर, तेही झारीने दोन हप्त्यांत, मध्ये पंधरा मिनिटे थांबून. पुढचे पाणी कधी, हे वार पाहून ठरवू नये. बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून पाहावे आणि पिशवी कडेने किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्यावा; महिनाभरात हाताला ते कळू लागते. एप्रिल-मेमध्ये कोरड्या हवेत दर दोन दिवसांनी पाणी लागेल, कूलर चालू असलेल्या खोलीत त्याहून कमी, आणि श्रावणात त्याच पिशवीला निम्मेही पुरेल.

जलूदहून चढवून आणलेले नर्मदेचे नळपाणी क्लोरिनयुक्त असते. ते उघड्या बादलीत रात्रभर ठेवावे, पण त्याची फार चिंता करू नये, कारण थोडे क्लोरिन सेंद्रिय पदार्थाशी लगेच संयोग पावून संपते. बोअरच्या पाण्याची चिंता मात्र जरूर करावी. त्यातील बायकार्बोनेट दर पाण्याबरोबर सामू वर नेतात, आणि धुऊन टाकायला पाऊस नसल्याने ते साचत जातात. पिशवीच्या कडांवर पांढरा थर आणि नवी पाने पिवळी पण शिरा हिरव्या, ही दोन लक्षणे एकत्र दिसली तर लोह मातीत असूनही अडकले आहे, असे समजावे. तेथे लोहाचे औषध घालण्याऐवजी पाणी बदलावे. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी, पहिल्या एक-दोन सरी सोडून, झाकणाच्या पिंपांत साठवले तर हिवाळ्यापर्यंत घरच्या चार पिशव्यांना पुरवून वापरता येते. थर फारच जाड झाला असेल, तर पिशवी गॅलरीत नेऊन तिच्या आकारमानाच्या दुप्पट पावसाचे पाणी सावकाश सोडावे आणि नंतर गांडूळ खताचा एक थर द्यावा. निचरा काढण्याची हीच एक वेळ योग्य असते.

वरखत आणि उपद्रव

दर पाच-सहा आठवड्यांनी आच्छादन बाजूला सारून एक सेंटिमीटर गांडूळ खत आणि २५ लिटरच्या पिशवीला दोन मोठे चमचे निंबोळी पेंड पसरावी, पाणी द्यावे आणि आच्छादन पुन्हा ओढावे. जुनी, खालची पाने सरसकट फिकट पडू लागली तर हीच मात्रा दोन आठवडे आधी द्यावी. पानांचे रंग गडद हिरवे होऊन टोके खाली वळू लागली तर नत्र जास्त झालेले असते, आणि तेव्हा काहीही न घालणे हाच उपाय असतो. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांचे आंबवलेले पाणी) शेतासाठी उत्तम आहे, पण त्यातला गूळ आणि बेसन बंद खोलीत वास आणि चिलटे आणतात, म्हणून घरात ते मी सुचवणार नाही.

मातीतून उडणारी बारीक काळी चिलटे ही घरातल्या लागवडीची नेहमीची तक्रार आहे. त्यांच्या अळ्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटर ओल्या मातीत राहून बुरशी आणि कोवळी मुळे खातात. वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये वाळू द्यावा, पिवळे चिकट सापळे लावावेत, कच्चा भाजीकचरा पिशवीत कधीही पुरू नये, आणि तरीही त्यांची संख्या हटली नाही तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा जिवाणू पाण्यातून आठवड्याच्या अंतराने तीन वेळा द्यावा. उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी येतो, त्याला पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा पुष्कळदा पुरतो. आच्छादन उचलल्यावर उड्या मारणारे पांढरे सूक्ष्म किडे दिसले तर त्यांना मारू नये. ते कुजके खाणारे आहेत आणि माती चांगली चालल्याची ती खूण आहे.

पीक संपल्यावर

झाड उपटू नये. खोड मातीलगत कापावे आणि मुळे आतच कुजू द्यावीत; त्यांच्या जागी राहणाऱ्या पोकळ्यांतून पुढच्या पिकाला हवा आणि पाणी मिळते. पुढची पेरणी आठ-दहा दिवसांत करावी, कारण रिकामी आणि कोरडी पिशवी हळूहळू निर्जीव होते. सुट्टीत गावी जायचे असेल तर जाण्यापूर्वी बरसीम हा चाऱ्याचा घास पेरून ठेवावा आणि शेजाऱ्यांना आठवड्यातून दोनदा पाणी घालायला सांगावे. परतल्यावर तो फुलण्याआधी कापून तेथेच आच्छादन म्हणून पसरावा.

दोनेक वर्षांनी कोकोपीट झिजते आणि माती बसते. घातलेले पाणी पूर्वीपेक्षा जास्त वेळ वर साचून राहू लागले की ती वेळ आली, असे समजावे. माती ताडपत्रीवर ओतून ढेकळे हाताने फोडावीत, दहा-पंधरा टक्के नवे परलाइट किंवा तुसाचा कोळसा, दहा टक्के कंपोस्ट आणि १०० लिटरला १०० ग्रॅम जिप्सम मिसळावे आणि तीन आठवडे मुरवून पुन्हा भरावी. स्फुरद या वेळी घालू नये, ते शिल्लक असते. मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी दिसल्या असतील किंवा झाड मर रोगाने गेले असेल, तर ती माती मात्र पुन्हा घरात घेऊ नये आणि तिच्यात भाजीही लावू नये. ती अंगणातल्या किंवा सोसायटीतल्या एखाद्या मोठ्या, जुन्या झाडाच्या आळ्यात पसरून टाकावी आणि पिशवी धुऊन, चार दिवस कडक उन्हात वाळवूनच पुढे वापरावी.